धाकट्याला माफ करण्याची तयारी

१८ फेब्रुवारी, बुधवार

ईस्टरपर्यंतचा उपासकाळ आजपासून सुरू. ही वही त्यासाठीच आणली. आध्यात्मिक वाढ होतेय की नाही हे कळायला नोंद लागते. कारखान्यात आम्ही रोजचे रिजेक्ट लिहून ठेवतो, म्हणून तर शर्ट सुधारतात. माणसाचंही तसंच असणार.

यंदाचं टार्गेट: धाकट्या भावाला माफ करणे. अर्धवट नाही, पूर्ण. ईस्टरच्या उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे ज्याला आपला अनुभव सांगायचा तो सांगतो तेव्हा, उभं राहायचं आणि अख्ख्या मंडळीसमोर माफ करून टाकायचं. माझा भाऊ दुसऱ्या बाकावर बसतो. मधूनच उठून जाणं त्याला शोभणार नाही.

(साक्ष लिहिताना लागतील म्हणून मुद्दे. बाबांचं ड्रिल मशीन, हिरवं, लोखंडी. बाबा गेल्यावर माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं पडद्याचा रॉड लावायला नेलं. दुसऱ्याच दिवशी परत दिलं म्हणतो. दिलं असतं तर घरात असतं. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्यानंतर चहा चालू होता, तेव्हा त्याच्या सासरच्यांसमोर मी फक्त एवढंच म्हटलं की लेकरू गोड आहे, बापाची चोरीची सवय न लागो. माझा आवाज शांत होता. तेव्हापासून तो बोलत नाही. अहंकार.)

पाळकसाहेब म्हणाले, प्रत्येकानं काहीतरी सोडा. मी चहातली साखर सोडली. बायको म्हणाली, साखर राहू द्या, संशय सोडा.

तोही सोडला.

पण हिनं नेमकं आजच असं का म्हटलं असेल?

२२ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांची नवी स्कीम. उपासना सुटल्यावर ते दारात उभे राहिले आणि एकेकाच्या कानात मंडळीतल्या एकाचं नाव सांगितलं. त्या माणसासाठी ईस्टरपर्यंत रोज गुपचूप प्रार्थना करायची. कोणाला कोण मिळालं ते ईस्टरला उघड करायचं. तोपर्यंत तोंड बंद.

मी कान पुढे केला. पाळकसाहेब म्हणाले, "तुमचा धाकटा."

आणि हसले. मुद्दाम हसले का ते बघायला मी मागच्या चौघांचे कान होईपर्यंत थांबलो. ते सगळ्यांनाच हसत होते. पण माझ्या वेळी जरा जास्त.

हरकत नाही. प्रार्थनेचा विषय तयारच आहे: प्रभू, त्याला पश्चात्ताप होऊ दे, आणि ड्रिल परत आणायची बुद्धी दे.

जेवताना एकदम लक्षात आलं. मी कोणासाठी तरी प्रार्थना करतोय, म्हणजे माझ्यासाठीही कोणीतरी करतंय. म्हणजे या क्षणी कुठल्यातरी घरात कोणीतरी डोळे मिटून देवाला माझ्याबद्दल सांगतंय. काय सांगतंय? कशाच्या आधारावर? माझी बाजू न ऐकता?

२४ फेब्रुवारी

कारखान्यात मेंटेनन्सचं ड्रिल मशीन गायब. सगळीकडे हाच प्रकार.

माझं टेबल फिनिशिंगला. डोक्यावर दोन ट्यूबलाइट, समोर शर्ट. लोंबता धागा, डाग, चुकलेलं काज दिसलं की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं, टोक दोषाकडे. पुढच्या टेबलावरच्या बायका बाण बघून दुरुस्ती करतात. मी दोष करत नाही, दुरुस्तही करत नाही. फक्त दाखवतो. ही एक प्रकारची सेवाच.

मॅनेजरना जाऊन सुचवलं की संध्याकाळी सुटताना गेटवर सगळ्यांच्या बॅगा तपासा. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. त्यांना पटलं. इस्त्रीवाला माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. त्याची बॅग हल्ली जड दिसते.

हा संशय नाही. हे निरीक्षण आहे.

१ मार्च, रविवार

धाकट्याची मुलगी आईच्या खांद्यावरून उलटी होऊन पूर्ण उपासनाभर माझ्याकडे बघत होती. तीन बाकं मागे मी. आधी नुसती बघत होती, मग बोट दाखवायला लागली. गीत चालू असताना, प्रार्थना चालू असताना, बोट माझ्याकडेच. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

दोन वर्षांचं पोर आपणहून असं करत नाही. घरी शिकवलेलं असणार.

मी तिच्याकडे बघून प्रेमळ हसलो. सगळ्यांना दिसेल असा.

घरी आल्यावर बायकोनं माझ्या कॉलरवरून लाल बाण काढला. शनिवारी टेबलावरून चिकटून आला असणार. टोक वर, डोक्याकडे. म्हणाली, उपासनेला जाताना सांगणारच होते, पण म्हटलं तुमची ड्यूटी असेल.

साखर: दोन चमचे. मुलीच्या त्या बोटामुळे मन अस्वस्थ होतं. देव समजून घेईल.

५ मार्च

माझ्यासाठी प्रार्थना कोण करतंय याचा शोध. संशय नाही, कृतज्ञता. आधी कळलं तर आभार मानता येतील.

हेडबाई. रिटायर झाल्यात, आता संडे स्कूल चालवतात. दारात भेटल्या आणि म्हणाल्या, "कसा आहेस?" त्यातला 'कसा' लांबवला. मी विचारलं, कसा म्हणजे? त्या म्हणाल्या, म्हणजे कसा आहेस. यावरून काही सिद्ध होत नाही, पण नाव नोंदवून ठेवलं.

बेकरीवाला. आमच्याच मंडळीतला. आज मला बघून त्यानं डोळे मिटले. नंतर शिंकला. शिंक खरी वाटली नाही.

बायको. हिला कोण मिळालंय ते सांगत नाही. कांदा चिरताना ओठ हलत होते. मी जवळ गेलो तर म्हणे गाणं.

आणि माझा उजवा गुडघा दुखायला लागलाय. कोणीतरी 'याला नम्र कर' अशी प्रार्थना करत असेल तर तिनं किंवा त्यानं शब्द नीट वापरावेत.

८ मार्च, रविवार

साक्षीचं पहिलं पान झालं. सुरुवात जमलीय: "प्रिय मंडळी, माफ करणं कठीण असतं. त्यातून समोरचा मागत नसेल तर फारच." इथे थोडं थांबायचं. बायकांच्या बाजूनं रुमाल निघतील.

धाकटा शेवटच्या गीताच्या वेळी मागे वळला. मला वाटलं माझ्याकडे बघतोय. तो घड्याळाकडे बघत होता. घड्याळ माझ्या मागे आहे. पण त्याला वेळ बघायची एवढी घाई का? कोणाचं काय विकायचं होतं?

ही शेवटची ओळ खोडायची. विसरलो तर खोडली असं समजावं.

१२ मार्च

धाकट्यासाठी रोज प्रार्थना चालू आहे. देवाला वर्णन नीट दिलंय: हिरवं, लोखंडी, हँडलवर बाबांच्या हाताचा गुळगुळीतपणा. धाकट्याचा धंदा पडदे आणि ब्लाइंड्स लावण्याचा, स्वतःचं नवं ड्रिल आहे त्याच्याकडे. मग बाबांचं कशाला ठेवून घेतलं, हेही देवाच्या कानावर घातलं.

बायको म्हणाली, भाऊजींसाठी तुम्ही प्रार्थना करताय की तक्रार नोंदवताय?

म्हणजे मला कोण मिळालंय ते हिला कळलंय. कसं? मी मनातल्या मनात करतो. ही म्हणते, तुमचं मनातलं किचनपर्यंत ऐकू येतं.

१५ मार्च, रविवार

उकडायला लागलं. बायको म्हणाली, माळ्यावरचा टेबलफॅन काढून द्या. मी स्टुलावर, ही खाली स्टूल धरून.

फॅन काढताना मागची चेन तुटलेली सुटकेस हलली. जड लागली. उघडली.

आत शर्ट. आमच्याच कारखान्याचा, नाताळला कामगारांना वाटतात त्या रिजेक्टपैकी. शर्टात गुंडाळलेलं बाबांचं ड्रिल.

शर्टावर माझे बाण. तीन. हात माझाच, मी बाण जरा तिरका लावतो, डिपार्टमेंटमध्ये दुसरं कोणी लावत नाही. तिन्ही बाण बरोबर ड्रिलकडे.

बायको खालून म्हणाली, फॅन सापडला का?

मी म्हटलं हो.

मग एवढा वेळ काय बघताय?

उंदीर.

उपासना चांगली झाली. उपदेशाचा विषय आठवत नाही.

१६ मार्च

शांतपणे विचार केला. शक्यता अशी की धाकट्यानं माझ्या नकळत येऊन ते सुटकेसमध्ये ठेवलं. माझा शर्ट, माझे बाण वापरून. त्याला मला खोटं पाडायचं असणार. कट खोल आहे.

फक्त एक अडचण. सुटकेसवर दोन वर्षांची धूळ होती. तशी धूळ आयती कुठे मिळते ते शोधायला हवं.

१८ मार्च

एक आठवण येतेय. अंधुक.

रॉड लावल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा खरंच आला होता. ड्रिल माझ्या हातात दिलं, पाणी प्यायला आणि गेला. मी विचार केला, आता हा दर आठवड्याला मागायला येणार. धंदा सुरू करतोय, बाबांचं मशीन झिजवून टाकणार. तर असं ठेवावं की पटकन सापडू नये. मागायला आला की खरं सांगता येईल, नाही रे सापडत.

खोटं बोलायला नको म्हणून केलेलं ते.

मग ते खरंच सापडेना.

ही आठवण खरी की सैतानानं उपासकाळात मुद्दाम घातलेली, ते अजून ठरवायचंय. घाईनं निष्कर्ष काढणं बरं नाही. तोपर्यंत ड्रिल परत सुटकेसमध्ये.

साखर: मोजली नाही.

२२ मार्च, रविवार

पाळकसाहेबांना कोणीतरी सांगितलंय.

आजचा उपदेश असा की ज्याचं भावाशी वाकडं आहे त्यानं प्रार्थनेला बसायच्या आधी भावाकडे जावं. आणि झाकून ठेवलेली गोष्ट आत सडते. 'झाकून' म्हणताना त्यांनी हात गुंडाळल्यासारखा केला. शर्टात एखादी वस्तू गुंडाळावी तसा.

हेडबाई माझ्याकडे बघत होत्या. बेकरीवाला बघत होता. ऑर्गन वाजवणारा बघत नव्हता, मुद्दाम. माझ्यासाठी जो कोणी प्रार्थना करतोय तो फार मनापासून करतोय. इतकं मनापासून करायची गरज नव्हती.

धाकटा ताठ बसला होता. मुलगी त्याच्या मांडीवर झोपलेली. तिला मी एकदाही उचलून घेतलेलं नाही, हे आज का सुचलं कोण जाणे. बाप्तिस्म्याच्या दिवशी घेणार होतो. आधी ते बोलणं झालं.

घरी येताना बायको म्हणाली, तुम्हाला नाही का वाटत एकदा जाऊन यावं? मी म्हटलं ईस्टरला मी त्याला माफ करतोयच. ती म्हणाली, हो का. आणि पुढे चालत राहिली.

२५ मार्च

मार्ग सापडला. प्रार्थनेत सापडला, त्यामुळे शंका नको.

धाकट्याच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली त्याच्या कामाच्या पिशव्या असतात. कारखान्यातून घरी येताना वाटेतच लागतं. तो सहाला परततो, मी साडेपाचला सुटतो. ड्रिल एका पिशवीत तळाशी ठेवायचं. कधीतरी त्याच्या हाताला लागेल. त्याला वाटेल, अरे, माझ्याकडेच होतं. मन हलेल. माझ्याकडे येईल, माफी मागेल. आणि मी करून टाकीन.

यात खोटं काहीच नाही. मी एक शब्दही बोलणार नाही. वस्तू फक्त इतकी वर्षं जिथे असायला हवी होती तिथे जाईल. शिवाय माणसाला पश्चात्ताप करायला निमित्त लागतं, ते मी देतोय. आणि साक्षीची तिन्ही पानं आहेत तशी वापरता येतील.

ड्रिल डब्याच्या मोठ्या पिशवीत बसतं. शर्टासकट. सकाळी गेटवर गर्दी असते, आत जाताना कोणी बघत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आत जाताना कोणी बघितलं नाही.

सुटताना सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडायला सांगितली. मी म्हटलं माझी कशाला. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या.

त्यानं शर्ट बाहेर काढला. कारखान्याचा. वर कारखान्याचे बाण. आत ड्रिल. मागे सगळी लाइन थांबलेली. इस्त्रीवाला पहिलाच. त्याला इतकं आनंदी मी कधी बघितलेलं नाही.

मी सांगितलं की हे माझ्या वडिलांचं आहे. सुपरवायझर म्हणाले, मग कारखान्यात कशाला आणलं? प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, घरी न्यायला. ते म्हणाले, घरूनच आणलं ना? मी म्हटलं हो.

मला खुर्चीवर बसवलं. गेटजवळच्या केबिनमध्ये, काचेच्या. लाइनमधला एकेक जण जाताना आत बघून गेला. दुरुस्तीच्या टेबलावरच्या बायकासुद्धा. माझ्यावर बाण लावायचाच बाकी होता.

मेंटेनन्सवाला म्हणाला, आमचं निळं होतं. मग म्हणाला, रंग काय, बदलता येतो. सुपरवायझर म्हणाले, घरचं कोणी येऊन ओळखू शकेल का, नाहीतर सोमवारी मॅनेजरसमोर. मी बायकोचा नंबर दिला. ती त्यांना फोनवर म्हणाली, मला मशीनमधलं कळत नाही, ज्यांना कळतं त्यांना पाठवते.

मला वाटलं माझा सासरा येईल.

धाकटा आला. स्कूटरवर, कामावरून तसाच, भुवयांवर भिंतीची भुकटी. (हिच्याकडे त्याचा नंबर कसा? हे नंतर बघायचं.) माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडेही नाही. सुपरवायझरना म्हणाला, मशीन बघायच्या आधीच सांगतो. प्लगपासून वीतभर अंतरावर वायरला काळी टेप असेल. ती मी शाळेत असताना गुंडाळली, प्लग न काढता. शॉक मला बसला आणि मार दोघांना.

टेप होती.

सुपरवायझर म्हणाले ठीक आहे, पण असं लपवून नेणं म्हणजे... धाकट्यानं त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

"माझा भाऊ चोर नाही," तो म्हणाला.

सहज म्हणाला. पत्ता सांगावा तसं. केबिनच्या दारात इस्त्रीवाला होता, मेंटेनन्सवाला होता, सिक्युरिटीवाला होता. त्यांनी सगळ्यांनी ऐकलं. मीही.

मग म्हणाला, आणि चोरून हा करणार काय, याला खिळा ठोकता येत नाही. सगळे हसले. मला सोडलं.

गेटबाहेर तो स्कूटरला किक मारत होता. मी म्हटलं, हे मलाही हल्लीच सापडलं. त्यानं विचारलं, कधी? मी म्हटलं, हल्लीच. त्यानं पिशवीकडे बघितलं, शर्टावरच्या बाणांकडे बघितलं. माझा तिरका बाण तो लहानपणापासून ओळखतो, मी त्याच्या वहीतल्या चुकांना असेच करायचो.

"कुठे होतं?"

"माळ्यावर."

तो गेला. पिशवी फार जड होती. त्याच्या बिल्डिंगसमोरूनच घरी आलो. थांबलो नाही.

२८ मार्च

एक सकारात्मक बाजू: त्याला आता सगळं माहीत आहे, म्हणजे मला सांगायची गरज उरली नाही.

बायकोला हे सांगितलं. तिनं चहात साखर न विचारता घातली. तीन चमचे, आजाऱ्याला घालतात तशी.

तिच्याकडे धाकट्याचा नंबर पहिल्यापासूनच होता. ती दर महिन्याला मुलीला बघायला जाते. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, तुम्ही विचारलं असतंत, काय काय चोरलं म्हणून.

मेंटेनन्सचं ड्रिल कॉम्प्रेसरच्या मागे सापडलं. इस्त्रीवाल्याच्या बॅगेत त्याच्या बापाचे गुडघ्याचे लोखंडी पट्टे असतात, मापात बसवायला हल्ली दवाखान्यात न्यावे लागतात. हे त्यानंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं आणि थोडा वेळ माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मी शर्ट बघत राहिलो.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

उपासना लांबली. धाकट्याच्या मागच्या बाकावर जागा होती. मी खांबाआड बसलो. तिथून आवाज चांगला येतो.

साक्षीची तीन पानं परत वाचली. 'माफ' हा शब्द पानापानावर आहे. प्रत्येक वेळी करणारा मी.

दुरुस्त करायला बसलो. फक्त माणसं उलटी करायची, बाकी तेच ठेवायचं. तसं केलं तर पहिल्याच वाक्यातला 'समोरचा' मी होतो. आणि मी मागतच नव्हतो.

५ एप्रिल, ईस्टर

तपशीलवार लिहितो.

पाळकसाहेबांनी साक्षीसाठी कोण उठतंय विचारलं. मी उठणार नव्हतो. पण तीन पानं खिशात होती आणि बायकोनं कोपर मारलं. उठलो. मंडळी वळली. पानं काढली. धाकट्याची मान सरळ, पुढे. मुलगी खांद्यावरून माझ्याकडे बघतेय.

पान उघडून बघितलं. वाचता येईना. घडी घातली.

म्हटलं, "ड्रिल माझ्याकडेच होतं. माळ्यावर. मीच ठेवलं होतं. तो चोर नाही."

आणि बसलो.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी बोलून बसलो होतो आणि मंडळी वाट बघत होती की आता मुख्य मुद्दा येईल. दोन वर्षांपूर्वीचं कोणाला आठवत नव्हतं. सासरचे लोक तर दुसऱ्या मंडळीतले. पाळकसाहेब म्हणाले, आमेन, आणि पुढचं गीत सांगितलं.

बाहेर आल्यावर हेडबाईंनी हात धरला. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, बरं झालं तू जाहीर केलंस. संडे स्कूलचा फळा लावायचाय, कधीपासून ड्रिल शोधतेय. शनिवारी आणशील?

मग गुपित उघड करण्याचा कार्यक्रम. ज्यानं त्यानं आपल्या माणसाकडे जायचं. हेडबाई बेकरीवाल्याकडे गेल्या. बेकरीवाला ऑर्गनवाल्याकडे. बायको पाळकसाहेबांच्या आईकडे. धाकटा हेडबाईंकडे. मी चेहरा जरा आश्चर्याचा करून उभा राहिलो.

कोणी आलं नाही.

अंगण रिकामं व्हायला लागलं. शेवटी पाळकसाहेबांनाच विचारलं. त्यांनी बोटं मोजली, मग कपाळाला हात लावला. दारात कान होते त्यापेक्षा नावं एकानं जास्त झाली, म्हणाले, माझी आई मोजायची राहिली होती. तिला मी तुमच्या जागी घातली. एक जण उरत होता, म्हटलं तुमचं काय, तुम्ही तर पक्के आहात.

म्हणजे गुडघा आपोआपच दुखत होता. शिंक खरी होती. 'कसा आहेस' म्हणजे कसा आहेस. माझ्याबद्दल पूर्ण उपासकाळात देवाला कोणीही काहीही सांगितलेलं नाही.

मग माझीच पाळी होती. धाकटा स्कूटरवर मुलीला पुढे उभी करत होता. जाऊन सांगितलं की मला तू मिळाला होतास.

त्यानं विचारलं, "काय मागितलंस माझ्यासाठी?"

खोटं सुचलं होतं. आरोग्य, धंदा. पण तो माझ्याकडे बघत होता.

म्हटलं, "तू ड्रिल आणून द्यावंस म्हणून."

त्यानं मुलीचे हात हँडलवर ठेवले. मग म्हणाला, "दिलं की मग. गेटवर."

११ एप्रिल, शनिवार

फळा. संडे स्कूलच्या खोलीत, लहान मुलांच्या खुर्च्यांमध्ये. बाबांचं ड्रिल मी नेलं. शर्ट घरी ठेवला.

हेडबाईंनी धाकट्यालाही बोलावलं होतं. मला वाटलं मुद्दाम. (नाही. त्यांना भोक पाडता येणारा माणूस हवा होता.) तो टेबलावर चढला, मी खाली फळा धरून. बायको आणि भावजय मुलीला घेऊन बाहेर पायरीवर. त्या दोघींचं हसणं ऐकू येत होतं. कशावर हसत होत्या ते शोधायला गेलो नाही.

ड्रिल सुरू झालं. आवाज अजून तसाच, कानाचे पडदे फाडणारा. तेव्हाच मी म्हटलं, माझं चुकलं. ड्रिल चालू असतानाच म्हटलं, हे नमूद करतो.

तो थांबला. काय म्हणालास?

काही नाही.

परत सुरू. मी परत म्हटलं. या वेळी त्यानं मध्येच बटण सोडलं आणि अर्धं वाक्य खोलीत मोठ्यानं पडलं. बाहेरचं हसणं बंद झालं.

"माझं चुकलं," मी उरलेलं पूर्ण केलं. "त्या दिवशी. तुझ्या सासरच्यांसमोर. आणि त्याआधीही, लपवलं तेव्हा."

तो टेबलावर, मी खाली. त्याच्या भुवयांवर भुकटी. तो भोकाकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "सरळ आहे का ते सांग."

बघितलं. नव्हतं. उजवीकडे दोन बोटं खाली. मी माणसाला बरं वाटावं म्हणून हो म्हणणार होतो. मग म्हटलं, नाही.

त्यानं नवं भोक पाडलं. फळा सरळ लागला. जुनं भोक भिंतीत राहिलं. मी म्हटलं, पुट्टी आणतो, उद्याच भरून टाकू. तो म्हणाला, कशाला, फळ्यामागे झाकलं जातंय.

मी म्हटलं, पण मला माहीत असेल ना.

तो टेबलावरून उतरत म्हणाला, "माळ्यावरचं दोन वर्षं माहीत नव्हतं. हे राहील माहीत."

निघताना ड्रिल त्याच्या पिशवीत ठेवलं. समोर, सगळ्यांच्या देखत. तो नको म्हणाला नाही. मुलगी माझ्याजवळ आली, कॉलर चाचपली, मागे जाऊन पाठही बघितली. बाण नव्हता. ती निराश होऊन आईकडे परत गेली.

उद्या उपासनेला खिशात एक बाण नेणार आहे.